माझ्याकडची भुवई

आमच्या दुकानाच्या दर्शनी काचेत एक फोटो असायचा. उघडंबोडकं, डोक्यावर एक केस नसलेलं बाळ, पालथं पडून मान वर केलेलं. तो फोटो इतका गाजला की पोरगं रांगायला लागायच्या आधीच अख्ख्या रस्त्याच्या ओळखीचं झालं. पुढे शाळेत जायला लागलं तरी दूधवाला हटकायचा, "काय मॉडेल, आज कपडे घालून निघालात?" नाव पडलं ते पडलंच. मिशी फुटली, खांद्यावर तारे लागले, तरी रस्त्याच्या लेखी तो मॉडेलच. ज्या दिवशी तो पेटीतून घरी आला, त्या दिवशी गर्दीत मागे कुणीतरी हळूच विचारलं, "कोण गेलं हो?" उत्तर आलं, "फोटोवाल्यांचा मॉडेल." मी ऐकलं. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. पेटीचे कोपरे चांगले जोडलेत, एवढंच मनात आलं.

मी त्याची आत्या. फोटोवाला म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. खाली दुकान, त्यामागे अंधारखोली, वर राहायच्या दोन खोल्या. माझं लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. ती कथा वेगळी आहे आणि ती मला सांगायची नाही. परत आले तेव्हा वहिनीनं काही न विचारता कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला आणि दादानं हातात ब्रश दिला. म्हणाला, "गाल रंगव." तेव्हापासून मी काळ्यापांढऱ्या फोटोंवर लोकांचे गाल रंगवते. ओठ, साड्या, फुलं, कुणाला हवं असेल तर मागचं आकाशसुद्धा.

दादाचं काम त्याच्या आधीचं. माणसाला स्टुलावर बसवायचं, हनुवटी दोन बोटांनी वर करायची, काळ्या कापडाखाली शिरायचं आणि आतून हुकूम सोडायचा, "हलू नका." फोटो काचेवर उमटतो, पण उलटा: पांढरं ते काळं दिसतं, आणि आरशात दिसावं तसं डावं ते उजवीकडे जातं. ती काच दादा तिरक्या टेबलावर लावायचा, मागून उजेड सोडायचा आणि भिंगातून बघत तासन् तास चेहरा नीट करत बसायचा. सुरकुती असली की पेन्सिल. पांढरट डाग, व्रण असला की बारीक पात्याची सुरी. पेन्सिल पुसता येते. सुरीनं खरवडलेलं मात्र कायमचं जातं.

दादाच्या तावडीतून कुणाचा व्रण सुटला नाही, की मस सुटला नाही. एकदा एक बाई फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही मीच का?" दादा म्हणाला, "तुम्हीच. फक्त रागवायच्या आधीच्या." त्या बाई खूश होऊन गेल्या. अशानं त्याला वाटायला लागलं की जगात सगळ्यांना हेच हवं असतं. स्वतःच्या कामाचा गर्व असावा, पण माणसानं त्यात डोकंच घालून बसू नये. हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे. तो म्हणाला, "तू गाल रंगव."

पोरगा चालायला लागला तसा दुकानात लुडबुडायला लागला. कॅमेऱ्याच्या स्टँडवर चढला, स्टँडसकट खाली आला आणि लोखंडी खिट्टीनं भुवई मधोमध चिरली. डॉक्टर टाके घालत होते तेव्हा वहिनीनं त्याचं डोकं मांडीवर घट्ट धरलं होतं. पोर किंचाळत होतं, हिच्या डोळ्यांत टिपूस नाही. जखम भरली, पण तिथे पुन्हा केस उगवला नाही. भुवईतून एक तिरकी पायवाट गेल्यासारखी दिसायची. मग वहिनीची रीतच पडली. इतर आया पोरांना हाका मारून उठवतात, पांघरूण ओढतात. ही पलंगाच्या कडेला बसून त्या पायवाटेवरून अंगठा फिरवायची. आणि ते शहाणं डोळे उघडायच्या आधी हसायचं.

दादा दर वाढदिवसाला त्याचा फोटो काढायचा. तेच स्टूल, तोच पडदा. आणि दर वेळी काच टेबलावर चढली की पहिली सुरी भुवईवर. पोरगं थोडं मोठं झाल्यावर फोटो बघून म्हणालं, "बाबा, माझी भुवई?"

"नीट केली."

"मोडली कुठे होती?"

दादाला प्रश्नच कळला नसावा.

मुलगा काही फार हुशार नव्हता, उगाच मेल्यानंतर कुणाला डोक्यावर बसवायचं नाही मला. गणितात रडायचा. पालीला तर इतका भ्यायचा की न्हाणीघरात पाल दिसली की ओलाच बाहेर पळत यायचा. पण माणसं जोडायचा. दुकानात रडणारं मूल आलं की हा कॅमेऱ्यामागे उभा राहून भुवया नाचवायचा, आणि मूल गप्प. कॉलेज संपल्यावर घरी येऊन सांगितलं, सैन्यात निवड झाली. वहिनी म्हणाली, "तिकडे पाली असतात." तो म्हणाला, "असू देत, आता मी अधिकारी आहे, शिपायाला सांगेन." आम्ही खूप हसलो. दादा हसला नाही, तो लगेच पडदा बदलायला गेला. गणवेशासाठी गडद पडदा चांगला, म्हणाला.

तो फोटो म्हणजे दादाच्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम. ताठ मान, छातीवरची पट्टी, नितळ चेहरा, दोन कोरीव भुवया. मी गाल रंगवले, आणि खरं सांगते, जरा जास्तच रंगवले. पुढच्या सुट्टीत आला तो माझ्यावर डाफरतच. "आत्या, तो फोटो मी माझ्या ट्रंकेवर ठेवला तर सगळे मला टोमॅटो म्हणायला लागले." मी म्हटलं, "टोमॅटो तर टोमॅटो, निरोगी तरी दिसतोस." त्याच सुट्टीत निघायच्या आधी तो दादाला म्हणाला, "बाबा, एक फोटो असाच काढा ना. नीट न केलेला."

"डागी माल माझ्या दुकानातून बाहेर जात नाही."

"मी माल आहे का?"

सगळे हसले. फोटो निघाला. तो गेल्यावर दादानं काच टेबलावर लावली आणि हात आपोआप सुरीकडे गेला. मग लढाई सुरू झाली.

पेटीबरोबर जे साहेब आले होते ते वयानं पोरसवदाच होते. म्हणाले, "उघडू नका, हे माझं सांगणं आहे." वहिनीनं विचारलं, "चेहरा?" ते आपल्या बुटांकडे बघत राहिले. बंदुकांची सलामी झाली, तेव्हा शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं आणि मी त्याला हाड हाड करत होते. एवढंच मला त्या दिवसाचं स्पष्ट आठवतं.

लोक म्हणतात दुःख कोसळतं. आमच्याकडे काही कोसळलं नाही. दात काढल्यावर गाल बधिर होतो, आपलाच गाल आपण चावतो आणि कळत नाही, तसं झालं. दुकान उघडलं. गिऱ्हाईकं आली. दादा कापडाखालून "हलू नका" म्हणायचा आणि मग खटका दाबायलाच विसरायचा. माणसं बिचारी श्वास रोखून बसलेली. एका नवरदेवाच्या फोटोत मी गाल रंगवलेच नाहीत, तसाच पांढराफटक हातात दिला. त्यानंही मुकाट्यानं घेतला. वहिनी रोज काच पुसायची, काचेतलं बाळ पुसायची, वर येऊन गणवेशातला फोटो पुसायची. आम्ही एकमेकांशी चहाबद्दल बोलायचो, विजेबद्दल बोलायचो. त्याच्याबद्दल नाही.

आणि मग तो ड्रायव्हर आला. आमच्या पोराच्या गाडीवर होता, दंडाला मोठं बँडेज, चार दिवसांची रजा घेऊन मुद्दाम वाट वाकडी करून आलेला. वर आला, चहा घेतला. साहेब किती चांगले, साहेब कसे सगळ्यांना नावानं हाक मारायचे, साहेब पाल दिसली की गाडीच्या टपावर कसे चढले, सगळं सांगितलं. वहिनी पहिल्यांदाच नीट ऐकत होती. मग त्याची नजर भिंतीवर गेली. फोटोकडे जरा बघून तो आदबीनं म्हणाला, "हे साहेबांचे मोठे भाऊ का?"

शेवटी मीच म्हटलं, "अहो, हा तोच."

तो चपापून उभा राहिला. पुन्हा बघितलं. "माफ करा हं. ती भुवई नाही ना... आम्ही लांबून भुवईवरनंच ओळखायचो." आणि कानाला हात लावून, पुन्हा पुन्हा माफी मागून, बिचारा जिना उतरून गेला. तो परत लढाईवरच जायचा होता.

वहिनीनं कप उचलले, धुतले, पालथे घातले. मग दादासमोर येऊन उभी राहिली.

"तो माझ्या डोळ्यांसमोरून चाललाय," ती म्हणाली. "डोळे मिटले की हा भिंतीवरचाच येतो. आधी तसं नव्हतं. आधी माझा यायचा. मला पेटी उघडू दिली नाहीत, ठीक आहे. पण मला माझ्या मुलाचं तोंड हवंय. एक. जसं होतं तसं. अजून थोडे दिवस गेले तर मला आठवायचंच नाही."

आवाज चढला नव्हता. दादा "हो" म्हणाला आणि खाली गेला.

आम्ही दोघांनी सगळ्या काचा काढल्या. दर वाढदिवसाची, दर सुट्टीची. एकेक उजेडासमोर धरायची आणि ठेवून द्यायची. सगळ्या खरवडलेल्या. दर्शनी काचेतल्या बाळाच्या वेळी तर जखमच नव्हती. प्रशिक्षणाच्या जागेवरून आलेला एक घोळक्याचा फोटो होता, त्यात टोपी डोळ्यांपर्यंत. सगळ्या गावाचे चेहरे या घरात तयार होतात आणि आमच्याच पोराचा एक धड सापडेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला दादाचा इतका राग आला होता की त्याच्या डोक्यात ती काच घालावी. पण तो जमिनीवर काचांच्या मध्ये बसला होता आणि त्याच्याकडे बघून रागही पुढे जाईना.

"मी करून देतो," तो म्हणाला.

दोन दिवस अंधारखोलीचं दार बंद. मला आत घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फोटो आणून वहिनीसमोर टेबलावर ठेवला. शेवटच्या सुट्टीतलाच, नव्यानं मोठा छापलेला. गालांना रंग नाही. आणि त्याच सुरीनं, कागदावरची काळी भुवई केस केस करून खरवडून, त्यानं ती तिरकी वाट पुन्हा उघडली होती. आयुष्यभर डाग काढणाऱ्या माणसानं पहिल्यांदाच डाग घातला होता, आणि तोही हुबेहूब. तरी मला काहीतरी खटकत होतं. काय ते कळेना.

वहिनी बघत राहिली. मग म्हणाली, "ही ती भुवई नाही. दुसरी."

"वेडी आहेस का?" दादा म्हणाला. "हीच. दर वर्षी या हातानं काढलीय मी. झोपेतसुद्धा हात बरोबर तिथेच जाईल."

"दुसरी आहे हो."

"अगं, माझ्या हाताला माहीत आहे!"

ती माझ्याकडे वळली. "तुम्ही सांगा." आणि मी, त्याला अंगाखांद्यावर खेळवलेली त्याची आत्या, तोंड उघडून उभी. डावी? उजवी? माझी डावी की त्याची डावी? डोक्यात नुसता कापूस भरलेला. मी शपथेवर सांगते, मला आठवेना.

मी रस्त्यावर गेले. दूधवाला ठामपणे म्हणाला, "उजवी." मी म्हटलं, "तुमची की त्याची?" त्यावर तो स्वतःचीच भुवई चाचपत बसला. समोरच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, "खूण होती होय? मला वाटायचं तशीच फॅशन आहे." शेवटी सलूनवाल्याला गाठलं. त्यानं लहानपणापासून त्याचे केस कापलेले. तो एक क्षण डोळे मिटून उभा राहिला, समोरच्या आरशाकडे बोट दाखवून म्हणाला, "डावी. अगदी डोळ्यांपुढे आहे." म्हणजे दादानं खरवडली होती तीच.

मी घरी येऊन तसं सांगितलं. सांगायला नको होतं का? पण विचारल्यावर सांगणार नाही तर काय करणार. वहिनीचा चेहरा उतरला. इतका वेळ ती ताठ होती. आता हळूहळू खुर्चीत बसली.

"असेल मग," ती म्हणाली. "तुम्ही सगळे म्हणताय तर असेल. मलाच आठवत नसेल." आणि मग फोटोकडे बघत, "आता मला दोन्हीकडे दिसायला लागली."

त्या पेटीपेक्षा मला हे जास्त लागलं. अहो, पोर लढाईत गेलं, ते आमच्या हातात नव्हतं. पण आईजवळ जे उरलं होतं तेही आम्ही घरच्याघरी, चहा पिता पिता काढून घेतलं. दादाही जिंकल्यासारखा दिसत नव्हता. वहिनी रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आत गेले तर ती मुलाच्या पलंगाच्या कडेला बसली होती. तो पलंग पहिल्यापासून एका अंगानं भिंतीला टेकलेला आहे. ती रिकाम्या उशीकडे बघत होती आणि तिचा अंगठा स्वतःच्याच मांडीवर फिरत होता. दादा माझ्यामागून आला, दारात थांबला. तिनं मान वर केली.

"अहो, इथे आडवे व्हा."

"आत्ता?"

"व्हा ना."

दादानं चपला काढल्या आणि मुलाच्या पलंगावर आडवा झाला. इतक्या वर्षांत तो त्या पलंगावर कधी बसलेलाही मी पाहिला नव्हता. पाय जरा बाहेर आले. वर बघत, छातीवर हात ठेवून पडला.

"डोळे मिटा," ती म्हणाली. आणि स्वतःही मिटले. मग हात उचलला. विचार केला नाही, चाचपलं नाही. तो हात वर गेला, खाली आला आणि अंगठा दादाच्या भुवईवर टेकला. भिंतीकडच्या नव्हे, तिच्याकडच्या. तिथून तो एकदा तिरका फिरला, जसा रोज सकाळी फिरायचा.

"इथे," ती म्हणाली. "माझ्याकडची. भिंतीकडे मला वाकावं लागलं असतं. मी कधी वाकले नाही."

दादाचे डोळे मिटलेलेच होते. फोटोत त्यानं दुसरी खरवडली होती. मी बघत होते, त्याचा उजवा हात छातीवरून जरासा उचलला गेला, सुरी धरतात तशी बोटं झाली आणि हवेतच थांबली. मग त्याला कळलं. मला त्याच्या एक क्षण आधी कळलं होतं. सलूनवाला माणसाला आरशात बघतो. आणि हा...

"मी काचेवर बघितला गं त्याला," दादा म्हणाला. "सगळं आयुष्य काचेवरच बघितला. उलटा."

वहिनी हात काढायला लागली. तिला उत्तर मिळालं होतं, ती उठणारच होती.

"हलू नकोस," दादा म्हणाला.

आवाज दुकानातलाच होता, कापडाखालून येतो तसा. पण बंद डोळ्यांच्या कडेतून पाणी निघून कानात जात होतं आणि तो ते पुसत नव्हता. वहिनी परत टेकून बसली. अंगठा तिथेच ठेवला. थोड्या वेळानं तिचे खांदे हलायला लागले, पण हात नाही. हात तिनं हलू दिला नाही.

माझ्या हातातला चहा निवून गेला होता. खाली दुकानात कुणीतरी गिऱ्हाईक घंटी वाजवत होतं, एकदा, परत एकदा. वाजवू दे म्हटलं. कप घेऊन मी दारातच उभी राहिले.